हातचा

पोर्तुगालात बुचाच्या झाडाची साल
नऊ वर्षांतून एकदा काढतात.
आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या बुचाशी त्याचं नातं नाही,
नाव तेवढं एक.
साल निघाली की खोड लालभडक, ओलं,
आणि त्यावर पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा.
तीन लिहिलं,
की पुढचा दोन येईपर्यंत
कुऱ्हाडीने तिकडे फिरकायचं नाही.

ती साल ट्रकने उत्तरेला येते
देओलिंदाबाईंच्या कारखान्यात,
उकळते, वाळते, बाटलीच्या तोंडाएवढी होते.
हिशेब एर्मिनिउकडे.
बेरीज तो अजून पेन्सिलीने ताडून बघतो,
रकान्याच्या डोक्यावर हातचा लिहितो, बारीक,
माशीच्या पायाएवढा.

बँकेत अकरा महिन्यांचे पगार पडून आहेत.
आपण याला गंगाजळी म्हणतो.
तिकडे गंगा नाही; ते म्हणतात, गादी.

भाचा दुआर्त पोर्तूहून येतो, लॅपटॉप उघडतो.
"पैसा झोपलाय, आत्या.
महागाई रोज त्याचा एक घास खाते.
नवं यंत्र घ्या, नाहीतर वाटून टाका."
एर्मिनिउला ठाऊक आहे, पोरगा चुकत नाहीये.
घास त्यानेही मोजलेत.

देओलिंदाबाई खिडकीकडे बोट करतात.

समोर वालादारिशांचा कारखाना होता.
त्या साली ऑर्डरी त्यांच्याकडेच जास्त,
वहीत नफा, दारात नवी गाडी.
फेब्रुवारीत बँकेतला माणूस
फोन उचलेनासा झाला, एवढंच.
फ्रान्सचे पैसे नव्वद दिवसांनी येणार होते
आणि पगार होता शुक्रवारी.
वहीतला नफा पावाच्या दुकानात चालत नाही.
तोट्यात कंपनी वर्षानुवर्षं कण्हत जगते.
मरते ती एखाद्या शुक्रवारी.

लिलावात त्यांची उकळायची टाकी
आम्ही निम्म्या भावात घेतली. रोख.
तिच्या पोटावर अजून त्यांचं नाव आहे,
खरवडून निघत नाही.

हे बाई सांगत नाहीत.
हे एर्मिनिउ रोज येता-जाता वाचतो.

आणि इल्दा.
एकवीस वर्षं बुचं निवडते,
बिघडलेलं बूच नाकानेच ओळखते.
तिने पगारवाढ मागितली तेव्हा
'सध्याचा काळ अनिश्चित असल्याने'
हे एर्मिनिउनेच टाइप केलं होतं.
"निश्चित कधी होता?" तिने विचारलं.
या प्रश्नाला फाइल नव्हती.

मग एक वसंत असा आला
की जगभर बाटल्या उघडायच्याच थांबल्या.
लग्नं नाहीत, हॉटेलं नाहीत,
कारखान्याच्या आवारात मांजरं आणि साल.
दुआर्तचा फोन आला, आवाज लहान:
"आत्या, किती महिने पुरेल?"
बाईंनी आकडा सांगितला नाही.
नुसतं म्हणाल्या, "झोपलाय ना, उठवते."

सात महिने सगळ्यांचे पगार झाले,
तारीख न चुकवता.
इल्दाचाही, घरबसल्या, पुरता.
परतल्यावर बाकीच्यांनी बाईंचे हात हातात घेतले,
कुणी केक आणला.
इल्दा जागेवर जाऊन बसली, टोपली ओढली.
"माझेच होते," ती म्हणाली,
"उशिरा आले."

एर्मिनिउने ते ऐकलं. मान वर केली नाही.
रकाना भरत होता:
सात खाली, हातचा एक.
बूच कापून भिंगाखाली धरलं
तर आत बहुतेक हवाच असते,
बंद खोल्यांत कोंडलेली;
तिच्याच जोरावर ते तरंगतं.
पण ही हवा कुणाच्या छातीतली,
ते भिंगात दिसत नाही.

आता आकडा पुन्हा चढतोय.
बारा महिने. तेरा.
दक्षिणेतून पहिला ट्रक आलाय,
सालीला अजून रानाचा वास.
एर्मिनिउ खिडकीत उभा राहतो, पेन्सिल कानावर.
झाडावर निदान लिहिलेलं असतं,
कधी सोलायचं ते.